४४४ दिवस आणि नंतरचा अबोला

इराणमधल्या ओलीस प्रकरणाचा विषय निघाला की बहुतेक जण ४४४ दिवसांवर येऊन थांबतात. ४ नोव्हेंबर १९७९ ला विद्यार्थी तेहरानच्या अमेरिकन एम्बसीत घुसले आणि तिथल्या माणसांना ओलीस ठेवलं, २० जानेवारी १९८१ ला रेगन यांनी अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून शपथ घेतली आणि काही मिनिटांतच ५२ जण सुटले, झालं. मला मात्र त्या दिवसांइतकंच त्यानंतरच्या चाळीसहून जास्त वर्षांचं वाईट वाटतं, कारण ७ एप्रिल १९८० ला तुटलेले अमेरिका आणि इराणचे राजनैतिक संबंध आजतागायत जुळलेले नाहीत. आणि ती माणसं सुटली कशी, कोणी खपून सोडवली, हे तर फार कमी लोक सांगतात.

विद्यार्थ्यांचा राग उगाच नव्हता हे आधी मान्य करायला हवं. १९५३ मध्ये सीआयए आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्याने मिळून इराणचे पंतप्रधान मोसादेघ यांचं सरकार पाडलं, पळून गेलेले शाह, म्हणजे इराणचे राजे, परत आले, आणि ऑक्टोबर १९७९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी क्रांतीमुळे देश सोडावा लागलेल्या त्याच शाहना कॅन्सरच्या उपचारांसाठी न्यूयॉर्कला येऊ दिलं, तेव्हा तेहरानमध्ये लोकांना वाटलं की आता पुन्हा तोच डाव टाकणार. हा राग समजतो. पण जमाव एम्बसीत घुसणं वेगळं आणि देशाने ते उचलून धरणं वेगळं. फेब्रुवारी १९७९ मध्येही याच एम्बसीवर हल्ला झाला होता आणि नव्या सरकारमधल्या इब्राहिम यझदी वगैरे मंडळींनी मध्ये पडून काही तासांत ती मोकळी करून दिली होती. नोव्हेंबरमध्येही तसंच होईल असं अनेकांना वाटलं, पण क्रांतीचे नेते खोमेनींनी पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांत पंतप्रधान बाझरगान यांनी राजीनामा दिला. म्हणजे अमेरिकेशी बोलू शकेल असं जे सरकार होतं तेच गेलं.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २४ मे १९८० च्या निकालात हाच फरक नीट मांडलाय. पहिला हल्ला विद्यार्थ्यांचा, त्यात सरकारचा दोष एवढाच की त्यांनी एम्बसीला संरक्षण दिलं नाही, पण खोमेनींनी ताबा मान्य केल्यावर ते कृत्य इराणचं स्वतःचं झालं. डिप्लोमॅट हेरगिरी करत असतील तर काय करायचं याचंही उत्तर निकालात आहे, त्यांना नको असलेली व्यक्ती म्हणून जाहीर करा नाहीतर संबंधच तोडा, राजनैतिक संबंधांच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारात तशी सोय आहे आणि दोन्ही देश त्या कराराला बांधलेले होते. ओलीस सोडा हा आदेश न्यायालयाने एकमताने दिला, त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनेही तेच सांगितलं होतं, इराणने ऐकलं नाही.

अमेरिकेचंही सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. १४ नोव्हेंबर १९७९ ला कार्टर यांनी इराणचे पैसे गोठवले, १९७७ च्या एका कायद्याचा हा पहिलाच वापर, आणि आज अमेरिका जगभर जे सँक्शन्स, म्हणजे आर्थिक निर्बंध, लावते त्यातला बराच भाग याच कायद्यावर उभा आहे. एप्रिल १९८० मध्ये लष्करी सुटकेचा प्रयत्न झाला, आठ हेलिकॉप्टर निघाली, इराणमधल्या तबासजवळच्या वाळवंटात पाचच धड उरली, किमान सहा हवी होती म्हणून मोहीम रद्द केली आणि परत निघताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ जण गेले. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री सायरस व्हॅन्स यांचा या मोहिमेला आधीपासून विरोध होता, त्यांनी राजीनामा दिला. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

इराणला याची किंमत सप्टेंबरमध्ये मोजावी लागली. २२ सप्टेंबर १९८० ला इराकच्या सद्दामच्या फौजा इराणमध्ये शिरल्या आणि सुरक्षा परिषदेने जो ठराव केला त्यात लढाई थांबवा असं होतं, पण इराकने मागे फिरावं हे नव्हतं! ज्या परिषदेचं आपण वर्षभर ऐकलं नाही तिच्याकडे न्याय मागायची वेळ आली आणि जगात इराणच्या बाजूने बोलणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. आठ वर्षं ते युद्ध चाललं.

आता अल्जेरिया. समोरासमोर बसायला इराण तयार नव्हता, म्हणून अल्जेरियाचे परराष्ट्रमंत्री मोहम्मद बेनयाहिया आणि त्यांची टीम निरोप घेऊन दोन्हीकडे हेलपाटे घालत राहिली. ते नुसते पोस्टमन नव्हते, एखादी अट अशक्य असेल तर का अशक्य आहे ते दुसऱ्या बाजूला समजावून सांगायचे. दोघांचा एकमेकांवर काडीचाही विश्वास नाही हे धरूनच त्यांनी मार्ग काढला. १९ जानेवारी १९८१ चा करार दोन देशांमधला करार म्हणून झालाच नाही, तो अल्जेरियाच्या सरकारची जाहीर निवेदनं म्हणून निघाला आणि दोघांनी ती मान्य केली. इराणचे जवळपास ८ अब्ज डॉलर आधी बँक ऑफ इंग्लंडमध्ये अल्जेरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने जमा झाले, ओलीस इराणबाहेर पडल्याचं अल्जेरियाने कळवल्यावरच ते पुढे हलले, त्यातला मोठा हिस्सा जुनी कर्जं फेडण्यातच गेला. माणसांना घेऊन आली तीसुद्धा अल्जेरियाचीच विमानं. पुढच्याच वर्षी, मे १९८२ मध्ये, हेच बेनयाहिया इराण-इराक युद्ध थांबवायला निघाले असताना इराण-तुर्कस्तान सीमेजवळ त्यांचं विमान पाडलं गेलं, ते आणि त्यांचे बरेच सहकारी त्यात गेले. हे नाव इतकं कमी लोकांना माहीत असावं याचा मला खरंच त्रास होतो.

त्यानंतर आजही तेहरानमध्ये अमेरिकेचं काम स्वित्झर्लंडची एम्बसी बघते आणि वॉशिंग्टनमध्ये इराणचं काम पाकिस्तानच्या एम्बसीतून चालतं. एखादी अफवा खरी की खोटी हे विचारायलासुद्धा तिसऱ्याचं दार वाजवायचं.

१९८१ च्या त्या करारातली एक गोष्ट मात्र मला पटलेली नाही. ओलिसांना इराणवर दावा लावता येणार नाही असं त्यात कबूल केलं होतं, कंपन्यांच्या आणि बँकांच्या दाव्यांसाठी हेगमध्ये खास न्यायाधिकरण बसवलं आणि जी माणसं खरोखर कोंडली गेली होती त्यांचा मार्ग बंद केला. ते लोक वर्षानुवर्षं कोर्टात गेले आणि दर वेळी हाच करार आडवा आला. शेवटी २०१५ च्या अखेरीस अमेरिकन काँग्रेसने दर दिवसाला १० हजार डॉलरपर्यंत भरपाईची तरतूद केली, तोवर त्यातले काही जण वारलेही होते. सुटका महत्त्वाची होती म्हणून ते कलम स्वीकारलं हे ठीक, पण मग भरपाई १९८१ मध्येच अमेरिकन सरकारने स्वतःच्या तिजोरीतून द्यायला हवी होती.