274 मामा

भाच्याला शाळेसाठी ग्रह आणि उपग्रहांचा तक्ता करायचा होता आणि नेहमीप्रमाणे हे शुभवर्तमान आदल्या दिवशी संध्याकाळी कळलं. बुध शून्य, शुक्र शून्य, पृथ्वी एक, मंगळ दोन, इथवर आमची गाडी सुसाट होती, शनीपाशी येऊन अडकली. त्याच्याकडच्या जुन्या पुस्तकात 62 छापलेले, मी शाळेत 18 पाठ केलेले, आणि नेटवर बघितलं तर 274! मार्च 2025 मध्ये एका दमात 128 नवीन मोजणीत आले म्हणे. त्यातले बहुतेक म्हणजे जेमतेम काही किलोमीटरचे दगड आहेत, पण फिरतात ना शनीभोवती, मग झाले चंद्र. चंद्र व्हायला बाकी काही क्वालिफिकेशन लागत नाही, नुसतं कुणाच्या तरी भोवती फिरत राहायचं.

"मग आपल्या चंद्राचं नाव काय?" भाच्याने विचारलं.

"चंद्र."

"ते नाव नाहीये मामा, ते तर सगळ्यांनाच म्हणतात. गुरूच्या चंद्राचं नाव गॅनिमीड आहे. आपल्याचं काय?"

आता काय सांगणार. आपल्याला एकच होता, त्याचं नाव तेच त्या जातीचं नाव झालं, घरात एकच बाळ असलं की त्याला सगळे नुसतं बाळ म्हणतात आणि ते पन्नाशीला आलं तरी बाळच राहतं, तसं काहीसं. फार तर चांदोमामा म्हणतो. यावर त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, म्हणजे शनीवर पोरं असती तर त्यांना 274 मामा? (शनीवर पाय टेकवायला जमीनच नाही, पोरं राहणार कुठे, पण ते जाऊदे.)

तेव्हापासून मला हे सगळे मामाच दिसायला लागलेत, आणि मामा मंडळी म्हटली की एकासारखा दुसरा नाही हे ओघाने आलंच. चंद्रासारखा मुखडा म्हणताना आपण किती बेफिकीर असतो बघा, कुठल्या चंद्रासारखा ते आधी विचारायला पाहिजे. शनीचा हायपेरियन हुबेहूब स्पंजासारखा आहे, भोकंच भोकं, आणि धड एका लयीत फिरतही नाही, गडबडा लोळत जातो. मिमासच्या तोंडावर एक खड्डा आहे, चंद्र सगळा मिळून 400 किलोमीटरचा आणि खड्डा 130 चा! आयापेटसची एक बाजू कोळशासारखी आणि दुसरी बर्फासारखी, त्यामुळे 1671 मध्ये कॅसिनी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला तो सापडला खरा, पण शनीच्या एकाच बाजूला दिसायचा, दुसऱ्या बाजूला गेला की गायब.

तापट मामा म्हणजे गुरूचा आयो. हा आकाराने साधारण आपल्या चंद्राएवढाच, पण आपला कधीचा थंड होऊन बसलाय आणि याच्यावर चारशेच्या वर ज्वालामुखी धगधगतायत. कारण मोठं मजेशीर आहे. लोखंडी तार हातात घेऊन पुढेमागे वाकवत राहिलं की वाकते तिथे गरम होते, बघितलंय ना? आयोचं तसंच चाललंय. एकीकडून गुरू खेचतो, दुसरीकडून युरोपा आणि गॅनिमीड हे गुरूचेच दुसरे चंद्र, आणि तेही ठरल्यासारखे, म्हणजे गॅनिमीडची एक फेरी होते तोवर युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार, त्यामुळे ओढाताण दर वेळी त्याच तालात होते, कक्षा काही पूर्ण गोल होऊ शकत नाही आणि बिचारा आतून चेपला जात जात पेटतो. हे ज्वालामुखी कळले तेही आडवाटेने. मार्च 1979 मध्ये व्हॉयेजर 1 ने काढलेला एक फोटो लिंडा मोराबिटो नावाच्या इंजिनियर बाई तपासत होत्या, यान नेमकं कुठे आहे हे ताऱ्यांवरून बघायचं म्हणून फोटो मुद्दाम उजळ करून घेतलेला, तर आयोच्या कडेला छत्रीसारखं काहीतरी उठलेलं दिसलं. तो शेकडो किलोमीटर उंच गेलेला फवारा होता.

माझे सगळ्यात लाडके मात्र जेनस आणि एपिमिथियस. दोघं शनीभोवती जवळजवळ एकाच वाटेने फिरतात, दोन वाटांमधलं अंतर फक्त 50 किलोमीटरच्या आसपास आणि हे दोघं त्याहून जाडजूड, म्हणजे ओव्हरटेक करायचा सवालच नाही. आतला थोडा फास्ट असतो, तो हळूहळू बाहेरच्याला गाठत येतो, आता धडकणार असं वाटतं आणि जवळ आल्यावर एकमेकांना असं काही खेचतात की आतला बाहेरच्या वाटेवर जातो, बाहेरचा आतल्या वाटेवर येतो आणि दोघं पुन्हा लांब लांब व्हायला लागतात. दर चार वर्षांनी हा खो-खो. एवढ्या समजूतदारपणे अदलाबदल करणारे भाऊ माझ्या तरी बघण्यात नाहीत.

शनीच्याच टायटनवर ढग आहेत, पाऊस आहे, नद्या, तळी सगळं आहे, फक्त पाण्याच्या जागी मिथेन! स्वयंपाकाच्या पाइप गॅसमध्ये मुख्य असतो तोच, तिथे उणे 179 अंशात त्याचं पाणी पाणी झालेलं. (काडी ओढली तर काय होईल हा भाच्याचा प्रश्न. काही होणार नाही, ऑक्सिजनच नाही.) तिथे 14 जानेवारी 2005 ला हायगेन्स नावाचं यान उतरलं आणि त्याने फोटो पाठवला तर त्यात गोल गोल गोटे, नदीच्या पात्रात असतात तसे. मी तो फोटो झूम करून करून बघितलाय. एवढ्या लांब जाऊन ओळखीचं काही दिसलं की उगाच गहिवरल्यासारखं होतं.

बाकी मग मंगळाचा फोबॉस, साडेसात तासांत एक फेरी मारतो म्हणून मंगळावरून तो पश्चिमेला उगवताना दिसतो. नेपच्यूनचा ट्रायटन उलट्या दिशेने फिरतो कारण बहुधा तो घरचा नाहीच, बाहेरून धरून आणलेला. युरेनसच्या मिरांडावर साधारण 20 किलोमीटर उंच कडा आहे असा अंदाज आहे, वरून पाय घसरला तर खाली पोचायला बारा-एक मिनिटं लागतील, गुरुत्वाकर्षणच इतकं कमी. अर्थात आपटणार दोनशेच्या स्पीडनेच, तेव्हा खुश व्हायचं कारण नाही.

तक्ता आटपल्यावर दुर्बीण घेऊन गच्चीवर गेलो. साधीच, पक्षी बघायची आहे. हात हलतात म्हणून कोपरं कठड्यावर टेकवून गुरू पकडला आणि भाच्याला दिली. बराच वेळ गप्प होता.

"तीनच आहेत."

मी बघितलं. खरंच तीन, बारीक मोहरीएवढे ठिपके, एका ओळीत. म्हटलं एक मागे लपला असेल किंवा पुढून चालला असेल. त्याला पटलं नाही, तक्त्यात आम्ही गुरूचे ठळक चार मोठे चंद्र लिहिले होते. मग सांगितलं की 7 जानेवारी 1610 ला गॅलिलिओने पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यालाही तीनच दिसले होते, चौथा दिसायला 13 तारीख उजाडली. "म्हणजे सहा दिवस थांबायचं?" असं म्हणून तो झोपायला गेला.

मी पुन्हा अकराला गेलो. गुरूला अगदी खेटून एक ठिपका आला होता, आहे की नाही अशी शंका यावी इतका जवळ. उठवावं का त्याला म्हणून दारापर्यंत जाऊन आलो, पण सकाळी शाळा होती.