आधी डबा, मग फळी : आमची वाटचाल

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात आमचं दुकान आहे. पाटीवर ‘किचन ट्रॉली, कपाटं, माळे, बॉक्स बेड’ असं लिहिलंय. १९९६ साली सुरू केलं तेव्हा नुसतंच ‘ट्रॉली’ होतं. पाटी रंगवणारा अक्षरावर पैसे घ्यायचा आणि आमच्याकडे दोघांत मिळून अकरा हजार रुपये होते.

दोघं म्हणजे मी आणि मिस्त्री. लोकांना आजही वाटतं की मी मालकीण आणि ते माझ्याकडे कामाला. तसं कधीच नव्हतं. आठ आणे त्यांचे, आठ आणे माझे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि अजून ते पान तसंच आहे.

त्याआधी मी एका प्लायवूडच्या दुकानात हिशेब लिहायची. परत आलेल्या मालाची नोंद माझ्याकडे असायची, आणि ट्रॉल्या सारख्या परत यायच्या. बास्केट चांगली, ती ज्यावर सरकते तो चॅनल चांगला, पण घरातल्या बाईचा डबा बसत नाही. कारण मापं घ्यायला जाणारा माणूस कडप्प्याचा खण मोजायचा, बैठकीत घरच्या पुरुषांशी बोलायचा आणि चहा पिऊन निघायचा. त्या खणात काय जाणार हे जिला ठाऊक, ती आत स्वयंपाकघरात. तिला कोणी विचारायचंच नाही. मिस्त्री त्या दुकानात माल न्यायला यायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, “मिस्त्री, मापं घ्यायला मी गेले तर?” ते म्हणाले, “ताई, भिताड मी मोजतो, डबं तुमी मोजा.” आमचा धंदा त्या वाक्यावर उभा आहे.

पहिलं काम विश्रामबागेतल्या एका शिक्षिकेचं. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, मीही बाईच म्हणते. गुडघे दुखायला लागले होते आणि ओट्याखाली वाकून पातेली काढणं होत नव्हतं. मी त्यांना म्हटलं, सगळी भांडी बाहेर काढू. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग पदर खोचून कामाला लागल्या. बैठकीत वर्तमानपत्रं अंथरून आम्ही दोघींनी त्यावर भांडी मांडली. झाकणं सोडून ६३ नग. गव्हाचा डबा, ज्वारीचा डबा, तेलाचा १५ किलोचा डबा, वर्षाची चटणी, हळदीची बरणी, कुरडया-पापडांचे दोन मोठे डबे. मी एकेक मोजत गेले आणि बाई सांगत गेल्या, हा रोज लागतो, हा गौरी-गणपतीला, हा कधीच लागत नाही पण आईचा आहे.

ट्रॉल्या बसवल्या आणि पोळ्यांच्या डब्याचा कप्पा एका सुताने, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाने, अडला. झाकणाची कडी उभी राहत होती आणि मी डबा मोजला होता कडी पाडून. मिस्त्रींनी एक शब्दही न बोलता सगळा खण उतरवला, रात्री नवा कापला आणि दुसऱ्या दिवशी बसवला. त्या दिवसापासून आमच्याकडे माप झाकणासकट, कडीसकट आणि हातासकट घेतात. डब्यावर दोन इंच मोकळे ठेवायचे, नाहीतर डबा आत जातो पण बाहेर काढायला बोटं शिरत नाहीत.

त्यातूनच आमचा मापाचा कागद तयार झाला. त्यात रकाने पाच: वस्तू, उंची, रुंदी, कधी लागते आणि कोण काढणार. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सासूबाई साडेचार फुटांच्या आणि सून साडेपाच फुटांची असेल, तर चहा-साखर कोणाच्या हाताला यायला हवी हे आधी विचारावं लागतं. रोजचं सामान गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली, जड ते तळाला, सणाचं माळ्यावर. तुमच्या घरात आमच्याकडून काम करायचं नसलं तरी एका रविवारी हा कागद भरून पाहा. निम्मी घरं नवीन कपाट न करताच आवरतात. आमचं गिऱ्हाईक त्यामुळे जातं हे मला माहीत आहे, तरी मी सांगते.

आता हत्यारांबद्दल. आमच्या वर्कशॉपला फळ्या कापायची पॅनेल सॉ आहे, फळीच्या कडेला पट्टी चिकटवायचं एज बँडिंगचं यंत्र आहे, ऑटो हिंजसाठी, म्हणजे दाराच्या आपोआप मिटणाऱ्या बिजागरीसाठी, ३५ मिलिमीटरचं भोक पाडायची प्रेस आहे. पण मिस्त्रींचा सागवानी रंधा वडिलांकडून आलेला. मुठीच्या जागी लाकूड इतकं गुळगुळीत झालंय की बोटांच्या खुणा दिसतात. पातं ते स्वतः लावायचे, दगडावर पाण्याने, आणि मनगटावरचा केस कापून बघायचे. नवीन मुलगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला रंधा नाही, गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, मिळायचा. फळीच्या कडेला गुण्या लावून रेघ मार, गुण्या उलटा कर, त्याच जागी पुन्हा रेघ मार. दोन रेघा एक झाल्या तर गुण्या खरा, फाकल्या तर गुण्या खोटा. “खोट्या गुण्यानं खरा खण हुईल व्हय?” हा त्यांचा प्रश्न सांगलीतल्या किमान पंधरा सुतारांनी ऐकलाय, आणि त्यातले सात-आठ आज स्वतःचं काम करतात. खोका जुळवला की दोन्ही कर्ण मोजायचे, ते सारखे आले तरच स्क्रू. कडप्प्याच्या खणात माप पुढं, मधे आणि मागं असं तीनदा घ्यायचं आणि सगळ्यात लहान ते धरायचं. त्यातून टेलिस्कोपिक चॅनल दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच खातो. हे ज्याला पाठ नाही, त्याने २१ च्या खणात २१ ची बास्केट आणलेली मी पाहिली आहे.

१९९८ पासून २०१५ पर्यंत काम चालू राहिलं, माणसं दोनाची नऊ झाली, लेकीचं लग्न झालं. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

२०१६ मध्ये सांगली-मिरज रस्त्यावर एक शोरूम उघडली. काचेची, वातानुकूलित, आत पाच स्वयंपाकघरं मांडलेली. नाव मी लिहिणार नाही. स्पर्धेचं मला वाईट वाटत नाही, चार दुकानं असावीत. पण सहा महिन्यांत आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने त्या शोरूमचं कोटेशन मला दाखवायला आणलं आणि त्याच्या मागे एक मापाचा कागद जोडलेला होता. रकाने पाच. वस्तू, उंची, रुंदी, कधी लागते, कोण काढणार. वर त्यांचं नाव, रंगीत छपाई. आमच्या कागदावर सुरुवातीपासून एक चूक आहे, ‘मसाल्याचा डबा’ऐवजी ‘मसाल्याच डबा’ छापलं गेलंय. छापखान्यात काना राहिला आणि पाचशे प्रती निघाल्या, मग तेच चालू राहिलं. त्या रंगीत कागदावरही ‘मसाल्याच डबा’च होतं.

मी त्या दिवशी जेवले नाही. वीस वर्षं बायकांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जे शिकले, ते कोणीतरी झेरॉक्सच्या यंत्रावर ठेवून उचललं होतं. मिस्त्री म्हणाले, “कागद नेला, पर डबं मोजाय बसणार हाय का त्यो?” ते खरं निघालं. कागद भरून घ्यायचे आणि ठरलेल्या मापाचे खोकेच आणून बसवायचे. आणि खोके कशाचे? पार्टिकल बोर्डचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे, वरून चकचकीत. सिंकखाली पार्टिकल बोर्ड! नळाचा वॉशर गळायला लागला की तळ पावासारखा फुगतो. आम्ही ओल्या खणाला आयएस ७१० चा मरीन प्लाय वापरतो, जो ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. त्यामुळे आमचा दर जास्त. शोरूममधला मुलगा गिऱ्हाइकांना सांगायचा, “ते सुताराचं काम आहे, हे फॅक्टरीचं.” सुतार हा शब्द तो असा म्हणायचा की जणू काही कमीपणा आहे. दोन वर्षांत आमचं काम निम्म्यावर आलं.

आणि मग २०१९ चा ऑगस्ट.

२००५ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. तेव्हा आमच्या दुकानात जिथवर आलं, तिथे मिस्त्रींनी भिंतीवर खिळ्याने रेघ ओढली होती. पुढे आम्ही त्या रेघेवर दीड हात सोडून पोटमाळा केला आणि पावसाळ्यात सगळा माल वर चढवायचा नेम ठेवला. २०१९ लाही चढवला. ७० प्लाय, सहा घरांच्या तयार ट्रॉल्या, लॅमिनेट, चॅनलची खोकी. कुलूप लावून आम्ही माधवनगरला बहिणीकडे गेलो. पाणी ५७ फुटांवर गेलं. रेघेच्या वर दीड हात आम्ही सोडला होता, पाणी जवळपास अडीच हात चढलं.

आठवड्याहून जास्त दिवसांनी शटर उचललं. आत चिखल, आणि त्या चिखलाचा वास मला आजही पहिल्या पावसात येतो. पॅनेल सॉची मोटर गेली. लॅमिनेटचे गठ्ठे एकमेकांना चिकटले. सगळं मरीन प्लाय वाचलं असं मी म्हणणार नाही. चांगला प्लाय सावलीत उभा करून तीन आठवडे वाळवला, कडा पुन्हा दाबल्या आणि बराचसा कामाला आला. पण पाठीमागच्या फळ्यांना आम्ही स्वस्तातला कमर्शियल प्लाय वापरायचो. तो पत्त्यांच्या कॅटासारखा सुटला. ती काटकसर माझी होती आणि मिस्त्रींनी तेव्हाच नको म्हटलं होतं. तेव्हापासून ओट्याखाली पाठही ७१० ची, आणि भिंतीपासून एक इंच सोडून.

विमा होता, पण जे मिळालं त्यात मोटरसुद्धा आली नाही. सहा घरांचा ॲडव्हान्स मी घेतलेला होता. आणि त्या आठवड्यात शोरूममधून त्या सहाही घरांना फोन गेले. त्यांचा रस्ता उंचावर, तिथे पाणी नव्हतं. “त्यांचं दुकान आता उभं राहत नाही, ॲडव्हान्स बुडायच्या आत मागून घ्या, आम्ही दहा टक्के कमी लावतो.” चार घरांनी पैसे मागितले. माझ्या पाटल्या मोडून मी ते चौघांचे पैसे पंधरा दिवसांत परत केले. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्याही घरात पाणी शिरलं होतं. ज्याने फोन केला त्याच्यावरचा राग मात्र अजून आहे आणि तो जाणार नाही.

पाचवं घर बाईंच्या धाकट्या मुलाचं होतं. बाई तेव्हा सत्तरीच्या पुढे. रिक्षा करून आल्या, बोळाच्या तोंडाशी उतरल्या आणि चिखलातून काठी टेकत दुकानापर्यंत आल्या. म्हणाल्या, “आज सकाळी माझ्या सगळ्या ट्रॉल्या चार-चार वेळा उघडून बघितल्या. तेवीस वर्षं झाली. चालतात.” आणि पिशवीतून पाकीट काढलं, मुलाच्या कामाची राहिलेली सगळी रक्कम. मी म्हटलं, बाई, काम कधी होईल मी सांगू शकत नाही. त्या म्हणाल्या, “मी कुठे विचारलं?” त्या पैशातून जुनी मोटर भरून आणली.

मिस्त्रींचा रंधा चौथ्या दिवशी सापडला, गटाराच्या जाळीला अडकलेला. लाकूड फुगून पातं जाम झालं होतं. त्यांनी तो उन्हात ठेवू दिला नाही, कापडात गुंडाळून महिनाभर तेल पाजलं. आता चालतो.

त्या दिवाळीनंतर पुरात बुडालेल्या गावभागातून, मारुती चौकातून माणसं यायला लागली. शोरूमचे खोके फुगून कप्पे उघडत नव्हते, तळ हातात येत होता. आम्ही कोणाला ‘बघा, सांगितलं होतं’ म्हटलं नाही. शक्य तिथे बास्केट आणि चॅनल तेच वापरले आणि नुसते खण नवीन करून दिले, म्हणजे खर्च कमी. शोरूम २०२२ ला बंद झाली. त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

स्टीलबद्दल एक सांगून ठेवते, कारण रोज कोणीतरी फसतं. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४ स्टील, असं दुकानदार दाखवतात. २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. मीठ-चिंचेच्या हातांनी २०२ ला वर्षा-दोन वर्षांत ठिपके पडतात. थेंब टाकून तपासायची बाटली मिळते, ती मागा, आणि बिलावर ३०४ लिहून घ्या. बिलावर लिहायला जो कां-कू करतो, तिथून उठा. आणि सिलिंडरच्या खणाला दार लावत असाल तर त्याला तळाशी जाळी हवीच. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. मुलं म्हणतात जाळी दिसायला बरी दिसत नाही. नसू दे.

मिस्त्री आता तासगावकडे गावी असतात, डोळ्यांना कमी दिसतं. महिन्याच्या पाच तारखेला येतात, आठ आण्यांचा हिशेब होतो, मग वर्कशॉपमध्ये फिरून प्रत्येक खोक्याचे कर्ण बोटांनी चाचपतात.

मागच्या महिन्यात बाईंची नात आली. पुण्यात हिंजवडीला फ्लॅट घेतलाय. मी तिला कागद भरायला दिला. ज्वारीचा डबा नाही, वर्षाची चटणी नाही, एअर फ्रायर आहे, कॉफीचं यंत्र आहे, आणि शेवटच्या ओळीत आजीचा पोळ्यांचा डबा. ‘कधी लागते’ च्या रकान्यात रोज. ‘कोण काढणार’ च्या रकान्यात तिने दोन नावं लिहिलीत, तिचं आणि नवऱ्याचं. त्याची उंची सहा फूट एक इंच. सोमवारी पहाटेच्या एसटीने मी टेप घेऊन जाते आहे. डबा तिने आधीच नेलाय, कडीसकट मोजायचा आहे.