'इन अ सायलेंट वे' : बाराव्या मिनिटाचा सांधा

अमेरिकन जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे' या 1969 सालच्या अल्बमची नव्याने काढलेली एलपी (लाँग-प्ले तबकडी) अखेर मी विकत घेतली. हा अल्बम मी वर्षानुवर्षे सीडीवर आणि पुढे फोनवर ऐकत आलो असल्यामुळे त्याच संगीतासाठी पुन्हा पैसे मोजणे हा निव्वळ हट्ट होता, हे घरात मान्य करून टाकले आहे. तरीही जे संगीत एलपीच्या दोन बाजूंच्या मापाने बेतले गेले, ते एकदा तरी त्याच मापात ऐकावे, असे फार दिवस मनात होते.

ध्वनिमुद्रण 18 फेब्रुवारी 1969 रोजी, एका दिवसात, न्यूयॉर्कमधील कोलंबिया कंपनीच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत झाले. ही वास्तू पूर्वी चर्च होती. हर्बी हँकॉक, चिक कोरिया आणि जो झाविनुल हे तिघेही विजेच्या वाद्यांवर बसले होते. वेन शॉर्टर सोप्रानो सॅक्सोफोनवर, डेव्ह हॉलंड बासवर आणि टोनी विल्यम्स ड्रम्सवर होते. गिटार होती नुकत्याच इंग्लंडहून आलेल्या जॉन मॅक्लॉक्लिनच्या हातात, म्हणजे पुढे झाकिर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' हा वाद्यवृंद उभा करणाऱ्या त्याच मॅक्लॉक्लिनच्या.

शीर्षकाची धून झाविनुलची. त्याने ती बऱ्याच कॉर्ड्‌स (एकत्र वाजणारे स्वरसमूह) घालून बांधली होती. माइल्सने त्या जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या आणि धून एकाच आधारस्वरावर ठेवली. झाविनुलला हे फारसे रुचले नसावे, कारण 1971 मध्ये आलेल्या स्वतःच्या अल्बममध्ये त्याने ती पुन्हा आपल्या पद्धतीने वाजवली. मी मात्र निःसंकोचपणे माइल्सच्या बाजूचा आहे. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला त्या स्थिर स्वरावर उलगडणारी गिटार ऐकताना काही उणे आहे असे वाटतच नाही.

मात्र या अल्बमची खरी घडण ध्वनिमुद्रणानंतर, निर्माता टिओ मसेरो याच्या टेबलावर, ब्लेडने फीत कापून आणि जोडून झाली. पहिल्या बाजूवरील 'श्श/पीसफुल' सुमारे अठरा मिनिटांचे आहे. त्यातील सुरुवातीची सहा मिनिटे बाराव्या मिनिटाच्या सुमारास जशीच्या तशी पुन्हा जोडलेली आहेत. दुसऱ्या बाजूवरही झाविनुलची धून आरंभी येते आणि 'इट्‌स अबाउट दॅट टाइम' संपल्यावर तीच फीत शेवटी लावलेली आहे. म्हणजे सुमारे 38 मिनिटांच्या अल्बममध्ये मूळ संगीत 28 मिनिटांच्या आसपासच भरते. कोणी याला काटकसर म्हणेल. मला मात्र सुरुवातीचे सूर परतताना ख्यालातला मुखडा आठवतो, आणि लगेच फरकही जाणवतो : गायक मुखड्यावर येतो तेव्हा तो दर वेळी थोडा वेगळा येतो, इथे एक श्वासही बदललेला नसतो.

मला आलेली पहिली प्रत सदोष होती आणि ते ओळखायला मला दोन दिवस लागले. दुसऱ्या बाजूचे लांबलेले सूर हेलकावत होते, आणि इलेक्ट्रिक पियानोला मुळातच स्वर थरथरवण्याची सोय असल्याने मी ते वाद्याचेच वैशिष्ट्य समजत होतो. शेवटी टर्नटेबलशी डोळे नेले, तेव्हा प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे दर 1.8 सेकंदांनी, सुईचा दांडा डावी-उजवीकडे झुलताना दिसला. तबकडीचे भोक मध्यबिंदूपासून सरकलेले होते. दुकानदाराने कुरकुर करत का होईना, प्रत बदलून दिली.

बदललेली प्रत चांगली आहे. 'श्श/पीसफुल'मध्ये टोनी विल्यम्स जवळजवळ अखंड हाय-हॅटच वाजवत राहतो, आणि ती बारीक, कोरडी झांज तबकडीच्या बाहेरच्या कडेला फार स्वच्छ ऐकू येते. सुई मध्याकडे सरकते तशी एका फेऱ्यात तिच्याखालून जाणारी खोबणीची लांबी कमी होत जाते आणि वरच्या पट्टीतले बारकावे दबू लागतात. त्यामुळे बाराव्या मिनिटानंतर परत आलेली हाय-हॅट, फीत तीच असूनही, माझ्या घरी किंचित मऊ वाजते. सीडीवर मला हा फरक कधीच ऐकू आला नव्हता, आणि येणारही नव्हता.

शिवाय माझ्या प्रतीवर तिसऱ्या मिनिटाला एक बारीकशी 'टक्' आहे, ब्रशने न जाणारी. नऊ-दहा वेळा ऐकल्यावर ती कानात बसली आहे. नंतर तीच जागा दुसऱ्यांदा जवळ येते, तेव्हा मी नकळत त्या 'टक्'ची वाट पाहतो. सुई आता दुसऱ्याच खोबणीत असते आणि जागा आवाज न करता निघून जाते.