दरेवाडीच्या माथ्यावरचे चर

संगमनेरहून दरेवाडीला पावसाळा संपता संपता जायचे, असे मी मुद्दाम ठरवले होते. कारण पर्जन्यछायेतल्या या गावात पाऊस किती पडतो यापेक्षा पडलेले पाणी जाते कुठे, हे मला पाहायचे होते.

पायवाटेने माथ्यावर चढलो. उतारावरचे पाणी अडवून मुरवण्यासाठी एकाच पातळीत खणलेले सलग समतल चर आता गाळाने बरेचसे भरले आहेत आणि त्यांच्या बांधावर गवत इतके माजले आहे की, पाय अडखळल्यावरच चर असल्याचे कळते. 'माथा ते पायथा', म्हणजे आधी डोंगरमाथ्यावर आणि मग खाली, या रीतीने १९९६ पासून येथे पाणलोटाचे काम झाले. त्यामागे स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये उभी केलेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था होती, तर जर्मन मदतीचा पैसा नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेमार्फत येत असे.

चर खणणे हे तसे सोपे काम. खरी कसोटी चराईबंदीची होती. ज्यांचे पोट शेळ्या-मेंढ्यांवर, त्यांना माळ बंद करा असे सांगणे म्हणजे त्यांच्या ताटाला हात घालणेच. वाटेत भेटलेल्या एका आजोबांकडे हा विषय काढला, तर ते हसले आणि सुरुवातीला आपण स्वतः विरोधात होतो, असे मोकळेपणाने सांगू लागले. आधी थोडा माळ राखायचा, तिथले गवत कापून आणायचे, मग पुढचा तुकडा बंद करायचा, अशा टप्प्यांनी आणि अनेक बैठकांनंतर गाव राजी झाले, असे त्यांच्या बोलण्यातून कळले. संस्थेचे श्रेय द्यायचे तर मी या बैठकांना देईन, दगडी बांधांना नंतर.

श्रमदानाची अटही होती. मजुरीतला काही वाटा गावाने स्वतःच्या घामाने भरायचा.

खाली उतरल्यावर एका विहिरीवर दोन मुले टेपने पाण्याची पातळी मोजत होती. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरले आणि रब्बीला किती उरले, असा पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यानुसार पीक ठरवायचे, ही पद्धत या संस्थेने गावोगाव रुजवली. पाऊस लहरी झाला असताना हा हिशोब चरांइतकाच मोलाचा आहे, असे मला वाटते. मात्र ताळेबंद पाळण्याची सक्ती कोणावर नसते. ज्वारी-हरभऱ्यापुरते पाणी असले आणि बाजारात कांद्याला भाव असला, तर काय होते, असे मी आजोबांना विचारले. त्यांनी उत्तर न देता विहिरीपलीकडच्या वाफ्यांकडे बोट दाखवले. तिथे कांद्याची रोपे लावणे चालू होते.