गावच्या सॉकेटला पेलेल असा चार्जर

गेल्या चवथीला आम्ही गोव्यातल्या फोंड्याहून सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी गेलो आणि रात्री पडवीतल्या सॉकेटवर गाडी चार्जिंगला लावून मी निर्धास्त झोपलो. पहाटे पूजेच्या तयारीसाठी उठलेल्या काकीला जळका वास आला. मी धावत जाऊन पाहिले, तर सॉकेटची कड तपकिरी पडली होती आणि प्लगच्या पिनांना हात लावता येत नव्हता.

दोष सॉकेटचा होता, पण माझ्या पोर्टेबल चार्जरचाही होता, कारण तो सतत 16 अँपियरच ओढत असे आणि प्रवाह कमी करण्याची सोयच त्यात नव्हती. पाण्याचा पंप किंवा इस्त्री थोडा वेळ चालते. गाडी मात्र रात्रभर विजेवर असते. सैल सांध्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून 10 ऐवजी 16 अँपियर घेतले की ती अडीच पटीच्या वर जाते.

नवा चार्जर घेताना म्हणूनच मी वेगाकडे पाहिले नाही. 6, 8, 10, 13 आणि 16 अँपियर असे टप्पे बटणाने निवडता येतात का, हे मी सर्वांत आधी विचारले. 230 व्होल्टवर 10 अँपियर म्हणजे 2.3 किलोवॅट, माझ्या 30 किलोवॅट-तासांच्या बॅटरीला 20 टक्क्यांवरून 80 वर जायला साधारण साडेआठ तास लागतात, आणि गावी मुक्कामाला गेलेल्या माणसाला तेवढी रात्र मिळतेच. 7.2 किलोवॅटचा मोह दुकानदार दाखवतात, पण त्याला 32 अँपियरची वेगळी लाइन लागते आणि गाडीतला ऑनबोर्ड चार्जर, म्हणजे बॅटरीत वीज भरणारा गाडीतच बसवलेला भाग, 3.3 किलोवॅटचाच असेल, तर त्या जादा पैशांचा काहीही उपयोग होत नाही. प्लगच्या आत तापमान मोजणारा सेन्सर असावा आणि विजेची गळती झाल्यास पुरवठा तोडणारी यंत्रणा असावी, एवढ्यावर मात्र तडजोड करू नये. आपल्याकडचा पाऊस पाहता कंट्रोल बॉक्स पाणीरोधक हवा, आणि केबल निदान 5 मीटरची हवी, म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड जोडण्याची पाळी येत नाही.

अर्थिंगविषयी थोडे कळकळीने लिहितो. अर्थिंग नसेल तर चांगला चार्जर गाडीला वीज देतच नाही. तेव्हा काहीजण अर्थ आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) एकमेकांना जोडलेला जुगाडू प्लग वापरतात. न्यूट्रल कुठे तुटला, तर गाडीचा पत्राच जिवंत होतो, आणि त्याच गाडीला टेकून मुले उभी असतात. असा प्लग कृपा करून कोणीही घरात ठेवू नये.

यंदा मे महिन्यात सत्तरीला नव्या चार्जरने लाल दिवा दाखवला. जांभ्याची जमीन उन्हाने कोरडी ठणठणीत झाली होती, त्यामुळे अर्थिंग नीट मिळत नव्हते. वायरमनने अर्थिंगचा खड्डा उघडला, गंजलेला क्लॅम्प बदलला, आम्ही दोन घागरी पाणी ओतले, आणि दिवा हिरवा झाल्यावरच मी 10 अँपियरवर गाडी लावली.