उष्टे, शिळे आणि उषस्ती

आमच्या आजीचे सोवळे उंच दांडीवर वाळत असे आणि ते काठीनेच खाली काढले जाई. ते नेसून ती चुलीपुढे बसली की आम्हा मुलांना स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडण्याची मुभा नसे, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत ती आमटीचे मीठसुद्धा चाखून पाहत नसे. त्याच घराच्या मागच्या पडवीत, कोनाड्यात, कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असे. सरपण घेऊन येणाऱ्या बाईला त्यात चहा मिळे, तोही वरून ओतून. चहा पिऊन झाला की ती स्वतःच कप विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवी. एकनाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक गावकुसाबाहेरच्या भुकेल्या माणसांना वाढला, ही गोष्ट हीच आजी डोळ्यांत पाणी आणून सांगत असे. या दोहोंतली विसंगती तिला कधी जाणवली नाही. मलाही ती फार उशिरा जाणवली.

सोवळ्याच्या समर्थनार्थ बहुधा छांदोग्य उपनिषदातले ‘आहारशुद्धौ सत्त्वशुद्धिः’ हे वचन पुढे केले जाते. आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होते, असा त्याचा सरळ अर्थ. शंकराचार्यांनी मात्र येथे आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेले सगळेच विषय, असा अर्थ केला आहे. राग, द्वेष आणि मोह यांचा स्पर्श नसलेले ग्रहण म्हणजे आहारशुद्धी. रामानुजांच्या परंपरेत तो शब्द ताटातल्या अन्नाविषयीच घेतला जातो आणि अन्नाचे जातिदोष (पदार्थाच्या मूळ स्वभावातला), आश्रयदोष (ते ज्याच्याकडून आले त्याच्यामुळे येणारा) व निमित्तदोष (केस, किडा अशा बाहेरच्या कारणाने येणारा) असे तीन दोष सांगितले जातात. मला दोन्ही अर्थ मान्य आहेत, कारण जे खातो त्याचा मनावर परिणाम होतो हे मी स्वतः अनुभवतो. अडचण येते ती आश्रयदोषापाशी. अन्न कोणाकडून आले याचा विचार करताना देणाऱ्याचे आचरण पाहणे कष्टाचे असते, त्याची जात विचारणे सोपे. समाजाने सोपे ते केले.

त्याच छांदोग्यात, पहिल्या अध्यायात, उषस्ती चाक्रायणाची कथा आहे, आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही याचे मला नेहमी नवल वाटते. कुरुदेशातले पीक नष्ट झाले होते. उपाशी उषस्ती आपल्या पत्नीसह भटकत एका गावात आला आणि कुल्माष, म्हणजे हलक्या प्रतीचे धान्य, खात बसलेल्या माणसाकडे त्याने तेच मागितले. पुढ्यात आहेत त्याखेरीज दुसरे नाहीत, असे तो माणूस म्हणाला. उषस्तीने त्यांतलेच घेतले. त्या माणसाने पाणीही पुढे केले, तेव्हा उषस्ती म्हणाला, ‘ते उष्टे पाणी पिणे होईल.’ मग कुल्माष उष्टे नव्हते का, असे त्या माणसाने विचारले. यावर उषस्तीचे उत्तर असे, की ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मात्र मला हवे तेव्हा मिळू शकते. उरलेले कुल्माष त्याने पत्नीसाठी नेले. तिला आधीच भिक्षा मिळाली होती, म्हणून तिने ते जपून ठेवले, आणि दुसऱ्या सकाळी ते शिळे उष्टे खाऊन तो राजाच्या यज्ञाला गेला. तेथे बसलेल्या ऋत्विजांना, म्हणजे यज्ञ करणाऱ्या पुरोहितांना, आपण ज्या देवतांचे स्तवन करतो त्या देवता कोणत्या हेच सांगता येईना. उषस्तीने त्या एकेक करून सांगितल्या: प्राण, आदित्य आणि तिसरी देवता अन्न.

गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे आणि उष्टे अन्न तामस मानले आहे. उषस्तीच्या पोटात त्या सकाळी दोन्ही होते. तरीही त्याने नियम मोडीत काढला नाही, पाणी नाकारलेच. पण तो नियम स्वतःपुरता होता. समोरच्याचे मोजमाप करायला त्याने तो वापरला नाही. गीतेच्याच पाचव्या अध्यायात विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक यांना समदृष्टीने पाहणाऱ्यांना पंडित म्हटले आहे. श्वपाक म्हणजे कुत्रे शिजवणारा. काय शिजवतो एवढ्यावरून ज्याला नाव पडले, त्याच्यातही तेच ब्रह्म पाहायचे आहे. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर आहे, आणि आतले विठ्ठलमंदिर दलितांना खुले होण्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. अन्नाचा त्याग करूनच तो दरवाजा उघडावा लागला, हेही लक्षात राहण्यासारखे आहे.

मी मांसाहार करत नाही आणि आजीप्रमाणेच नैवेद्याआधी चव पाहत नाही. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या घरी जेवायला गेलो. त्यांच्याकडे रोज मासळी शिजते. त्याच्या आईने माझ्यासाठी वरणभात केला होता आणि मी न विचारताच त्या सांगू लागल्या, ‘पातेलं नवं आणलंय हो, डावही नवा आहे, आमचं काही लागलेलं नाही त्याला.’ पातेल्याच्या बुडाला किमतीचा कागद अर्धवट चिकटलेला होता. मला कोनाड्यातला कप आठवला. तो हिणवण्यासाठी वेगळा होता आणि हे पातेले मानासाठी, पण दोन्ही वेळा आपल्या हाताबद्दल खुलासा समोरच्यालाच द्यावा लागला होता. पुढच्या खेपेला मी त्यांना आधीच फोन करून सांगितले, की भात रोजच्याच पातेल्यात लावा. त्या क्षणभर गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, ‘मग जरा लवकर या, गरम वाढते.’