झुरिकहून मिलानला, पण बर्निनामार्गे

झुरिक ते मिलान थेट गाडी साडेतीन तासांच्या आत पोहोचवते. परंतु ती २०१६ साली खुल्या झालेल्या गोटहार्डच्या ५७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून जाते. म्हणजे ज्या आल्प्ससाठी एवढा खर्च केला, त्यांच्याच पोटातून अंधारात बसून जायचे. हे आम्हा दोघांनाही पटेना. डोंगरावरून जाणारा १८८२ चा जुना गोटहार्ड मार्ग काही दिवस मनात होता. शेवटी मात्र खूर, सेंट मोरित्झ, तिरानो हा लांबचा रस्ता ठरला, कारण त्यावरची गाडी २२५३ मीटरपर्यंत चढून बर्निना खिंड उघड्यावरून ओलांडते.

आमच्या तारखेला मोठ्या काचांच्या पॅनोरमिक डब्यांचे आरक्षण संपलेले होते. पत्नी हिरमुसली. वेळापत्रक नीट पाहिल्यावर कळले, की त्याच रुळांवरून साध्या गाड्याही धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही आणि त्यांच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. माझ्या मते पसंतीही याच गाड्यांना द्यावी. खूरला आम्ही उजवी बाजू धरली. लांडवासरचा ६५ मीटर उंचीचा वळणदार पूल आला तेव्हा आमच्याच गाडीचे लाल इंजिन समोरच्या उभ्या कड्यातील भोकात शिरताना दिसले, आणि फोटोच्या मधे काच नव्हती.

सेंट मोरित्झला गाडी बदलल्यावर खरा घाट लागतो. माथेरानच्या गाडीचा वीसास एक चढ आपल्याला केवढा वाटतो; येथे तो चौदास एक आहे, आणि तोही दातेरी रुळाविना. खिंडीनंतर गाडी सुमारे अठराशे मीटर खाली उतरते. ब्रुझिओला तर ती उंची कमी करण्यासाठी दगडी कमानींच्या पुलावर पूर्ण गोल फिरून स्वतःच्याच मार्गाखालून निघते.

तिरानोला स्विस आणि इटालियन स्थानके शेजारीशेजारी आहेत. स्वित्झर्लंडमधील रेल्वेप्रवासाचा स्विस पास येथे संपतो, मिलानचे तिकीट वेगळे काढावे लागते, आणि कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी यंत्रात शिक्का मारावा लागतो. यंत्रापुढच्या रांगेत आमची गाडी सुटली. पुढची दोन तासांनी होती. त्या वेळात बटाटा, कोबी आणि भरपूर चीज घातलेला पित्झोक्केरी हा तिथला कुट्टूच्या पिठाचा पास्ता खाल्ला. मग पुन्हा उजवीकडची खिडकी पकडली आणि कोलिकोपासून लेकोपर्यंत कोमो सरोवर पाहत गेलो.